खेळाचं साहित्य सुधारायचंय? आधी काटा घ्या, मग कॅड उघडा

बॅडमिंटनच्या नियमांचा पहिला खर्डा १८७३ च्या सुमारास पुण्याच्या छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी केला. खो-खोची पहिली नियमावली १९१४ साली याच शहरात तयार झाली. नियम करण्यात पुणं पटाईत, यात वाद नाही. साहित्याचं मात्र वेगळं आहे. दुकानात बॅट, पॅड, ग्लोव्ह्ज उलटून बघा, पत्ता बहुतेक वेळा मेरठचा नाहीतर जालंधरचा निघतो. भोसरीत जॉबवर्क करणारी वर्कशॉप्स आहेत, घरटी एक इंजिनिअर आहे आणि संध्याकाळी मैदानावर गुडघे फोडून घेणारी मुलंही आहेत. या तिघांची गाठ सहसा पडत नाही, एवढंच.

ती घालून द्यायची ज्यांना इच्छा आहे, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पदवी लागत नाही. नववी-दहावीचं भौतिकशास्त्र, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, स्लो मोशन असलेला मोबाइल आणि बॅगा शिवणारा एखादा ओळखीचा कारागीर एवढ्यावर भागतं. खो-खोच्या नीपॅडचं उदाहरण मी शेवटपर्यंत चालवणार आहे. मध्ये थोडा वेळ बॅट हातात घेऊ, कारण मोजमाप शिकायला बॅटसारखी वस्तू नाही.

१. मैदानावर जा आणि गप्प उभे राहा

‘काहीतरी भारी बनवायचंय’ ही अडचण नव्हे. अडचण एका वाक्यात मांडता आली पाहिजे आणि त्या वाक्यात खेळाडू, जागा आणि त्रास तिन्ही हवेत. उदाहरणार्थ: मातीच्या मैदानावर सूर मारणाऱ्या शाळकरी मुलींचे गुडघे सोलवटतात, कारण नीपॅड दोन-तीन सुरांत पोटरीवर उतरतो. या वाक्यात दोन अडचणी आहेत हे लिहून काढल्यावरच दिसतं. पॅड घसरतो ही एक, आणि जागेवर राहिला तरी तो पुरेसा आहे का, ही दुसरी. दोन्ही एकदम सोडवायला जाऊ नका.

सरावाच्या वेळी जा, सामन्याच्या वेळी नको. सामन्यात कोणालाच बोलायला वेळ नसतो. खेळाडूंनी स्वतः काय जुगाड केलेत ते आधी बघा. मोज्याचा पाय कापून गुडघ्यावर चढवलेला असतो, पॅडच्या वर क्रेप बँडेज गुंडाळलेलं असतं, बॅटच्या मुठीवर ग्रिपवर ग्रिप चढवलेली असते. असा प्रत्येक जुगाड म्हणजे कंपनीच्या डिझायनरने न ऐकलेली तक्रार.

विचारताना ‘असा पॅड केला तर आवडेल का’ असं विचारू नका, लोक हो म्हणून मोकळे होतात. ‘मागचा पॅड का टाकून दिलास?’ असं विचारा. पुण्यात तर नावं ठेवणारी माणसं फुकट मिळतात. वस्तू बनवणाऱ्याला याहून मोठी सोय नाही.

२. नियमपुस्तक, तेही ताजं

या पायरीला लोक कंटाळतात आणि इथेच सगळ्यात जास्त श्रम वाया जातात. डेनिस लिलीने डिसेंबर १९७९ मध्ये पर्थच्या कसोटीत ॲल्युमिनियमची बॅट आणली. चेंडू खराब होतो म्हणून इंग्लंडच्या कर्णधाराने तक्रार केली, बॅट बदलावी लागली आणि पुढे नियमातच आलं की बॅटचं पातं लाकडाचंच हवं. २०१७ च्या ऑक्टोबरपासून बॅटची जाडीही बांधलेली आहे: रुंदी १०.८ सेंटिमीटर, जाडी ६.७ आणि कड ४ सेंटिमीटर, याच्या पुढे नाही. तेव्हा ‘जाड कडेची बॅट’ ही कल्पना डोक्यात असेल तर ती तिथेच राहू द्या.

काही वेळा वस्तू फार चांगली झाली म्हणूनच बंद पडते. १९८४ साली उवे होन याने भाला १०४.८० मीटर फेकला. भाला मैदानाबाहेर जायची भीती होतीच, शिवाय तो जमिनीवर आडवा पडायचा आणि फेक वैध की अवैध यावरून वाद व्हायचे. १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटर पुढे सरकवला गेला. टोक लवकर खाली येऊ लागलं आणि अंतर घटलं. पोहण्याच्या पॉलियुरेथेन पोशाखांचंही तेच झालं. २००८ मध्ये विक्रमांचा पाऊस पडला आणि २०१० पासून ते पोशाख बाद झाले.

उलटं उदाहरणही लक्षात ठेवा. हॉवर्ड हेड हा मूळचा विमानांचा इंजिनिअर. उतारवयात टेनिस शिकायला लागला, तर चेंडू मधोमध न लागल्यामुळे रॅकेट हातात सारखी वळायची. रॅकेट रुंद केली की तिचं वस्तुमान अक्षापासून लांब जातं आणि ती वळायला जास्त विरोध करते, हा साधा विचार त्याने केला. रॅकेटच्या आकारावर त्या वेळी नियमात बंधनच नव्हतं. १९७६ मध्ये त्याची मोठ्या डोक्याची रॅकेट बाजारात आली आणि आज सगळेच तसल्या रॅकेटने खेळतात. पुस्तकात काय लिहिलंय याच्या इतकंच काय लिहिलेलं नाही तेही वाचायचं, ते यासाठी.

आपल्या नीपॅडसाठी खो-खो संघटनेच्या नियमपुस्तकाची चालू आवृत्ती मिळवा आणि एखाद्या पंचांना गाठून थेट विचारा. धातू किंवा टणक प्लॅस्टिकची कड पॅडमध्ये नकोच. खो-खोत बसलेल्या खेळाडूंच्या अगदी जवळून पळावं लागतं, त्यामुळे आपल्या गुडघ्याचं रक्षण दुसऱ्याच्या बरगडीला महागात पडू शकतं.

३. आहे ती वस्तू मोजा

नवशिके इथे घाई करतात. कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर आराखडा काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, रंगीत चित्र तयार होतं, पण जुन्या वस्तूचं वजन किती, तोल कुठे, घसरते ती किती मिलिमीटर, हे कोणालाच सांगता येत नाही. मग नवी वस्तू चांगली झाली हे ठरवणार कशावरून?

बॅट घ्या. दुकानात आपण ती उचलून ‘पिकअप हलका आहे’ म्हणतो. हा पिकअप मोजता येतो. मुठीच्या वरच्या टोकापासून १५ सेंटिमीटरवर बॅट एका खिळ्यावर किंवा सुरीच्या धारेवर अशी टांगा की ती लंबकासारखी मोकळी झुलेल. थोडासाच झोका द्या आणि दहा झोक्यांचा (जाऊन परत आली की एक झोका) वेळ मोजून त्याला दहाने भागा. वजन काट्यावर करा. तोलबिंदू बोटावर बॅट आडवी धरून सापडतो, टांगलेल्या जागेपासून त्याचं अंतर मोजा. आता वजन, ९.८१, ते अंतर आणि झोक्याच्या वेळेचा वर्ग यांचा गुणाकार करून ३९.५ ने भागा. बॅट १.२ किलोची, अंतर ०.३८ मीटर आणि झोका १.४३ सेकंदांचा असेल तर उत्तर सुमारे ०.२३ येतं. हे बॅटचं जडत्व-आघूर्ण. ती फिरवताना मनगटाला जे जड लागतं ते हेच. वजनाचा आकडा त्याची अर्धीच गोष्ट सांगतो.

याचा उपयोग लगेच बघा. ८५ सेंटिमीटर लांबीच्या त्याच बॅटच्या तळाला २० ग्रॅमची पट्टी चिकटवली तर वजन दोन टक्क्यांहूनही कमी वाढतं, पण फिरवायला लागणारं जडत्व चार टक्क्यांहून जास्त वाढतं. तेच २० ग्रॅम मुठीच्या रबराखाली घातले तर फिरवताना फरक जाणवतही नाही. ग्रॅम कुठे काढायचे आणि कुठे घालायचे, यातच निम्मं डिझाइन आलं. रॅकेट, हॉकी स्टिक, लेझीम, काहीही असो, रीत हीच.

बॅटची गोड जागा, म्हणजे जिथे चेंडू लागला तर हाताला झटका बसत नाही ती, शोधायलाही यंत्र लागत नाही. मूठ दोन बोटांत सैल धरून बॅट लोंबती ठेवा आणि लाकडी हातोडीने तळापासून वरपर्यंत टकटक करत जा. एका पट्ट्यात बोटांना झिणझिण्या जवळजवळ थांबतात. तिथे पेन्सिलने खूण करा. पाच बॅटींवर केलंत की महागड्या बॅटच्या किमतीतला किती भाग लाकडाचा आणि किती स्टिकरचा, याचा अंदाज यायला लागतो.

नीपॅडची मापं वेगळी. गुडघ्याच्या १० सेंटिमीटर वर आणि १० खाली पायाचा घेर मोजा, पाय सरळ असताना आणि पूर्ण दुमडलेला असताना. दोन्हींत चांगला फरक पडतो आणि पॅड घसरतो तो या फरकामुळेच. सरळ पायावर घट्ट बसलेला पट्टा दुमडताना ताणला जातो, सरळ होताना सैल पडतो आणि दर वेळी थोडा खाली येतो. घसरण मोजायची असेल तर पॅडच्या वरच्या कडेला मांडीवर पेनाने रेघ ओढा, खेळाडूला ठरावीक उठाबशा आणि सूर मारायला लावा आणि रेघेपासून कड किती खाली आली ते फूटपट्टीने मोजा. बाजारातले तीन-चार पॅड या एका चाचणीतून काढा. वहीत आलेले आकडे म्हणजे तुमचं प्रतिस्पर्ध्याचं कोष्टक.

४. फोमचा हिशेब

पॅडचं काम थांबायला अंतर देणं. गुडघा ४० सेंटिमीटर उंचीवरून पडला आणि १ सेंटिमीटरमध्ये थांबला, तर त्या क्षणी सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या ४० पट असतं. २ सेंटिमीटरमध्ये थांबला तर २० पट. पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर, इतकं सरळ. मेख अशी की १५ मिलिमीटरचा फोम १५ मिलिमीटर दबत नाही. साधारण दोन-तृतीयांश दबल्यावर त्यातल्या हवेच्या जागा मिटतात आणि तो टणक होऊ लागतो. म्हणजे हाती लागतं ते १० मिलिमीटर. अगदी मऊ फोम तर जोरात पडल्यावर लगेच तळाला लागतो आणि असून नसल्यासारखा होतो. दुकानात बोटाने दाबून ‘मस्त मऊ आहे’ म्हणत पॅड घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

फोमवर घनता छापलेली नसते, ती आपण काढायची. १० बाय १० सेंटिमीटरचा, दीड सेंटिमीटर जाडीचा तुकडा १५ ग्रॅम भरला तर घनता १०० किलो प्रति घनमीटर. ईव्हीए नावाच्या फोमचे तीन-चार वेगवेगळ्या घनतेचे तुकडे घ्या आणि त्यांची तुलना शाडूच्या मातीवर करा. गणपतीच्या दिवसांत ती कुठेही मिळते, एरवी मूर्तिकारांकडे. मळलेल्या मातीची सपाट थापी करा, वर फोम ठेवा आणि ४० सेंटिमीटरवरून ४ किलोचा गोळाफेकीचा गोळा सोडा. त्याचा व्यास १० सेंटिमीटरच्या आसपास, गुडघ्याच्या जवळपासचा, म्हणून तो सोयीचा. फोम उचलून मातीतला खड्डा व्हर्नियरने मोजा. माती दर वेळी तितकीच ओली हवी, नाहीतर तुम्ही मातीचीच चाचणी घेत बसाल. पाय दूर ठेवा, हे सांगायला नको, तरी सांगतो.

मोबाइलमधला त्वरणमापक इथे चालत नाही, त्याची मर्यादा फार लवकर संपते. नेमके आकडे हवेच असतील तर २०० ‘जी’पर्यंत, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या २०० पटीपर्यंत, मोजणारा एडीएक्सएल ३७५ हा सेन्सर मागवून आर्डुइनो या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला जोडा. पण पहिल्या फेरीला शाडू पुरतो.

खरचटणं मात्र फोमने थांबत नाही, ते कापडाने थांबतं. आणि कापडाचा प्रश्न दिसतो त्यापेक्षा नाजूक आहे. बाहेरचं आवरण मातीला फार धरून राहिलं तर गुडघा जागीच अडकतो, अंग पुढे जातं आणि गुडघा पिळवटतो. फार गुळगुळीत असलं तर सूर मारल्यावर गुडघ्यावर जोर देऊन उठता येत नाही. पॅडमध्ये वाळूची ५ किलोची पिशवी बांधा, प्रवासी बॅगा तोलायचा हुकाचा काटा लावा आणि मैदानावरून संथ ओढा. काटा ३ किलो दाखवत असेल तर घर्षणांक ०.६. कॅनव्हास, कॉर्ड्युरा (जाड, टिकाऊ नायलॉन), रेक्झीन आणि बॅगेचं नायलॉन यांचे आकडे कोरड्या मातीवर, पाणी मारलेल्या मातीवर आणि मॅटवर वेगवेगळे काढा. मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात, शाळांचा सराव मातीवर. दोन्हीकडे चालणारं एकच कापड सापडेलच असं नाही. कोणासाठी बनवताय ते पहिल्या पायरीत ठरवलंय, तिकडे बघून निवडा.

५. सामान आणि हात

पुण्यात फोम, रबर, प्लॅस्टिक आणि हार्डवेअरसाठी बोहरी आळी, वायरी-सेन्सरसारख्या किरकोळ इलेक्ट्रॉनिक्ससाठी तपकीर गल्ली, लाकडासाठी टिंबर मार्केट. मोडून बघायला जुनी पॅड-हेल्मेटं हवी असतील तर बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात चक्कर मारा. दुकानदाराला ‘कशासाठी हवंय’ ते सांगा, त्याने शंभर गिऱ्हाइकांना विकलेलं असतं आणि काय परत आलं तेही त्याला ठाऊक असतं.

लेझर कटर, थ्रीडी प्रिंटर अशी यंत्रं विकत घेऊ नका. शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब, म्हणजे अशी यंत्रं वापरू देणारी कार्यशाळा, आहे, भारतातल्या अगदी पहिल्यांपैकी एक. पुढे उद्योग करायचा विचार पक्का झाला तर एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातलं व्हेंचर सेंटर हे नवउद्योगांना मदत करणारं केंद्र माहीत असलेलं बरं.

पहिला नमुना जुन्या पॅडवर कात्री चालवूनच करा. दुसरा पुठ्ठा आणि चिकटपट्टीचा. तिसरा शिवलेला. प्रत्येक नमुन्यात एकच गोष्ट बदला आणि त्यावर मार्करने क्रमांक-तारीख घाला. पट्टाही बदलला, फोमही बदलला आणि पॅड घसरायचा थांबला, तर श्रेय कोणाचं हे देवालाच ठाऊक.

६. खेळाडूंच्या अंगावर

अठरा वर्षांखालच्या खेळाडूंवर काहीही बांधण्याआधी पालक आणि प्रशिक्षक दोघांची लेखी परवानगी घ्या. पहिले सूर गादीवर, मग मॅटवर, मग मातीवर. गुडघा आधीच दुखावलेला असेल त्याला बसवून ठेवा.

नवा पॅड कोणता ते खेळाडूला सांगू नका. जुना आणि नवा, दोन्हींवर एकाच रंगाचं आवरण चढवा, अर्ध्यांना आधी हा आणि अर्ध्यांना आधी तो द्या. नवी वस्तू हातात आली की माणूस चार दिवस खुशीत असतोच, त्या खुशीला सुधारणा समजू नका. धावण्याचा वेळ, रेघेपासूनची घसरण आणि ‘उद्या यातला कुठला घालशील’ हा प्रश्न, एवढं पुरे. स्लो मोशन चित्रणातून गुडघा नेमका पॅडच्या कुठल्या भागावर टेकतो तेही बघा. पुष्कळदा तो मध्यावर टेकत नाही, खालच्या कडेजवळ टेकतो, आणि फोम तिथेच सर्वांत पातळ असतो.

मग धुण्याची चाचणी. मे महिन्याचा घाम, लाल माती, बादलीतलं पावडरचं पाणी आणि जुलैत तीन दिवस न वाळणं, एवढ्यातून पॅड जाऊ द्या. पुण्याच्या पावसाळ्यात रात्रीत न वाळणारा पॅड दुसऱ्या दिवशी वास मारतो आणि तो वास कुठल्याही संरक्षणापेक्षा मोठा ठरतो.

हेल्मेटच्या वाटेला पहिल्या प्रकल्पात जाऊ नका. क्रिकेटच्या हेल्मेटसाठी बीएस ७९२८ हे ब्रिटिश मानक आहे, त्याच्या २०१३ च्या आवृत्तीत टोपीची कड आणि जाळी यांच्या फटीतून चेंडू आत शिरतो का हेही तपासतात. अशी तपासणी प्रयोगशाळेचं काम आहे, शाडूच्या थापीचं नव्हे.

७. पेटंट: बोलण्याआधी

भारतात पेटंटचा अर्ज करण्यापूर्वी कल्पना जाहीर झाली की नवेपणा गेला, असंच धरून चाला. इन्स्टाग्रामवरची रीलही जाहीरच. म्हणून मैदानावरच्या चाचणीतल्या सगळ्यांकडून गुप्ततेच्या कागदावर सही घ्या आणि व्हिडिओ काढू देऊ नका.

आधी गूगल पेटंट्स आणि भारतीय कार्यालयाच्या इनपास या संकेतस्थळांवर शोध घ्या. नीपॅडवर ढीगभर पेटंट आहेत, बरीच मुदत संपलेली. मुदत संपलेलं पेटंट फुकटचं पाठ्यपुस्तक असतं, खुशाल वापरा. नवं काही सापडलं असेल तर तात्पुरत्या तपशिलासह अर्ज करता येतो. व्यक्तीला ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये आहे. त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. तपासणीच्या विनंतीचे ४,००० रुपये वेगळे आणि एजंटची फी त्याहून वेगळी, खरा खर्च तिथे होतो. महाराष्ट्रातले अर्ज मुंबई कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. मिळालं तर पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं.

पॅडला खिसा लावला आणि खिशात बर्फाची पिशवी ठेवली, याला पेटंट मिळणं अवघड. आपापलं काम करणाऱ्या माहितीतल्या वस्तू नुसत्या शेजारी ठेवणं कायद्याला शोध वाटत नाही. नुसतं रूप नवं असेल तर डिझाइनची नोंदणी करा, ती १० वर्षं चालते आणि पुढे ५ वाढवून मिळतात.

८. पहिली खेप

साचा बनवायला धावू नका. इंजेक्शन मोल्डिंगचा साचा लाखांत जातो आणि तो एकदा बनला की चुकीचं मापही कायमचं होतं. पहिल्या खेपेला फोम पट्टीच्या डायवर कापून घ्या, चपलांचे सोल कापतात तसाच, आणि शिलाई बॅगवाल्याकडून करून घ्या. मोठी, मधली, लहान अशी तीनच मापं ठेवा, पण ती पहिल्या वहीतल्या घेरांवरून काढा, दुसऱ्या कंपनीच्या तक्त्यावरून नको.

किंमत ठरवताना शाळेच्या क्रीडाशिक्षकांना विचारा. खो-खो खेळणाऱ्या बऱ्याच मुलींकडे एका जोडीपुरतेही पैसे नसतात आणि शाळा घेते ती डझनाने, वर्षातून एकदा, जून-जुलैत. सप्टेंबरात तयार झालेला उत्तम पॅड पुढच्या जूनपर्यंत गोदामात पडून राहतो. इलॅस्टिक सगळ्यात आधी सैल पडतं, तेव्हा पट्टा शिवून टाकू नका, वेल्क्रोने सुटा ठेवा आणि बदली पट्टे वेगळे विका.

पहिले पॅड ज्यांनी घेतले त्यांच्याकडून हंगाम संपल्यावर ते परत मागा, बदल्यात नवी जोडी द्या. कुठली शिवण उसवली, फोम कुठे चेपून राहिला, आवरण कुठल्या कोपऱ्यात विरलं, ते कापून बघा आणि दुसऱ्या खेपेचं कापड त्यानंतरच मागवा.